गुरुजींचा निरोप

जे सांगतोय ते बायकोला ठाऊक नाही. अक्काला तर नाहीच. तुम्ही समोर नाही, म्हणून जमेल कदाचित.

आमचं गाव कळमनुरीच्या पुढं. जमीन नाही, मेंढरं तेवढी. दिवाळी झाली की माय-बा मेंढरं घेऊन निघायचे. रात्री कुणाच्या तरी रानात ती बसवायची – रानाला खत, आम्हाला ज्वारी. माय कालवण आम्हाला वाढायची, स्वतः कोरडीच भाकर खायची. म्हणायची, "कोरड्यास सोसत न्हाई मला." किती वर्षं मला ते खरंच वाटत होतं!

अक्का माझी थोरली बहीण. मेंढरांमागं फिरण्यात तिची शाळा बुडालेली, म्हणून आम्ही दोघं एकाच वर्गात – चौथीत. गुरुजींचं गणित फळ्यावर लिहून होईपर्यंत तिचं उत्तर तयार. मी तिच्या पाटीत बघून लिहायचो.

त्या साली माय आजारी पडली. ती आत्याजवळ घरी राहणार, म्हणजे मेंढरांमागं बाबरोबर एक लेकरू जाणं भागच होतं. दुसरं शाळेत राहणार. पण कोणतं? बाला ठरवता येईना. शाळेत पाऊल टाकायला तो लाजायचा – अंगाला मेंढरांचा वास येतो म्हणे. तो बाहेर लिंबाखाली थांबला आणि मलाच आत धाडलं. "गुरुजीला इचार. ते म्हणतील तसं."

गुरुजी म्हणाले, "बापाला सांग, पोरीला शाळेतून काढू नका. तिचं डोकं लई चांगलं आहे. तू एक हंगाम जा, परत आलास की मी तुला सांभाळून घेईन."

शाळेच्या दारापासून त्या लिंबापर्यंत अंतर ते किती? तेवढ्यात मी – मी निरोप फिरवला.

"गुरुजी म्हणले, अक्काला गणित जमत न्हाई. तिलाच न्या."

बानं ते मानलं. गुरुजींचा शब्द होता तो. अक्का रडली. मग परकरानं पुसून तिची पाटी माझ्या हातात दिली, कारण माझी कोपऱ्यात फुटलेली होती.

रानातल्या थंडीची भीती होती का मला? होती. पण तिलाही असेलच की.

माय पुढं अंथरुणातून उठली नाही. गुरुजींना मी सांगितलं, बानं ऐकलं नाही; पुढं त्यांची बदली झाली. त्या एका हंगामाचे सगळेच हंगाम झाले, आणि मग अक्काचं लग्न.

मी हिंगोलीला कॉलेजात होतो तेव्हा भाषणाची स्पर्धा होती. विषय, आपल्या देशातील गरिबीची कारणे. इंग्रजांची लूट सांगितली, निजामाचा शेतसारा सांगितला, स्वातंत्र्य येऊनही आमच्या गावात न आलेला रस्ता सांगितला. तिथवर खरं होतं. मग टाळ्या पडायला लागल्या, आणि मी आवाज चढवला – "आणि सर्वांत मोठं कारण, मुलींना शाळेतून काढणारे अडाणी आईबाप!"

मागच्या बाकावर बा बसला होता, माझं भाषण ऐकायला लाज सोडून आलेला. शेजारी अक्का. दोघंही टाळ्या वाजवत होते.

बाहेर आल्यावर बा म्हणाला, "बराबर बोललास पोरा. आमचंच चुकलं."

अक्कानं त्याच्या पाठीवर हात ठेवला. "काहून वाईट वाटून घेऊन राहिलास बा? मला कुठं गणित येत व्हतं? गुरुजीच म्हणले व्हते की." मग माझ्याकडं वळून हसली, "आन तू रं, वरडून वरडून नरडं फोडशील एखांद्या दिशी. चल, चहा पी."

तेव्हा सांगायचं होतं. तोंड उघडलंही होतं मी.

मी चहा प्यालो.

ती चूक आपली समजूनच बा गेला. अक्का आता वारंगा फाट्याजवळ असते, अजून मेंढरं राखते. कुणी भेटलं की कौतुकानं सांगते, "आमच्या घरात देवानं डोस्कं एकालाच दिलं – माझ्या भावाला."

दोघांना दिलं होतं. शाळा एकालाच मिळणार होती, ती मी घेतली.

मी बी.ए. झालो. आमच्या घराण्यातला पहिला.