मालनमावशीचा उजवा हात

शिरड शहापुरात पेरणी निघाली की पहिलं बोलावणं माझ्या मालनमावशीला यायचं. तिफणीमागे चालत चाड्याच्या लाकडी वाटीत मुठीनं बी सोडावं तर तिनंच. तिच्या मुठीतली ज्वारी कुठं दाटायची नाही, कुठं विरळ पडायची नाही.

पंचाहत्तर सालच्या उन्हाळ्यात तिनं बाजारात किडका दात उपटून घेतला, आणि त्यानंतर तापानं जे धरलं ते सोडेना. अंग वाळलं. चार पावलांत दम लागू लागला. मग उजव्या कोपराच्या आतल्या बाजूला लिंबाएवढी गाठ आली. तिच्या घरधन्यानं, जळबाकाकांनी, गळू फोडणाऱ्याला आणलं. त्यानं वस्तरा उघडला, तसं मावशीनं त्याचं बोट धरून गाठीवर ठेवलं.

"उडतंय का न्हाई? गळू ठणकतं, बाबा, असं उडत न्हाई. कापू नको."

त्यानं वस्तरा मिटला.

मावशी आणि काका एसटीनं औरंगाबादच्या मोठ्या दवाखान्यात गेली. डॉक्टरांनी छाती तपासली, मग गाठीवरही नळी लावली.

"लहानपणी सांधे सुजले होते?"

"व्हय, लई."

"तेव्हाच हृदयाची झडप अधू झाली. दात काढला तेव्हा रक्तात शिरलेले जंतू आता तिच्यावर बसलेत. तिथला कण रक्तातून वाहत येऊन हातात अडकला आणि धमनी सडून फुगली. असा पेशंट क्वचितच येतो. घरी कापलं असतं, तर रक्त थांबलं नसतं."

"मीच आणला हुता कापणारा," काका म्हणाले.

पेनिसिलीनची इंजेक्शनं कितीतरी दिवस चालली. ऑपरेशन करून फुगलेला भाग काढला, धमनी बांधून टाकली. हात वाचला, पण बोटं गार आणि बधिर. गावी आल्यावर मावशी अंगणात बसून मुठीतून वाळू सोडत राहायची.

पुढच्या साली रब्बीला बागायतदार किसनरावांनी भीत भीत विचारलं, "मालनबाई, जमंल का?"

"उगवू द्या, मंग बोला."

ज्वारी उगवली, तेव्हा किसनराव बांधावरून माणसांना हाका मारून एकसारख्या ओळी दाखवत होते.

नंतर ती तपासणीला गेली. डॉक्टरांनी शिकाऊ पोरांना बोलावलं. उजव्या मनगटाला नाडी लागेना, तशी पोरं गोंधळली.

"घाबरू नका, जित्ती हाय मी," मावशी हसली. "मोठी वाट बांधलीया, रगत आडवाटेनं जातंय."

"हिनंच गाठ कापू दिली नाही," डॉक्टर म्हणाले. सगळे तिच्याकडे बघत राहिले.

दारात काका उभे होते. शिपायानं विचारलं, "तुम्ही कोण?"

टोपी सरळ करत ते म्हणाले, "मी? मी तिचा नवरा."