भाऊंनी लिहिलेलं एक वाक्य

कुणी काही मोडलं की भाऊ खूश व्हायचे. लोकांचे गुरुजी काम बरोबर आलं की शाबासकी देतात, आमचे भाऊ बिघाड झाला की आभार मानत. इंटर्नशिपच्या पहिल्याच आठवड्यात मी असा कोड लिहिला की पेशंटचं वय उणे दिसायला लागलं. आता आपली हकालपट्टी होणार म्हणून मी रडवेली होऊन बसले, तर भाऊंचं इंग्रजीतून उत्तर आलं, 'धन्यवाद! हे इथूनही मोडू शकतं हे आम्हाला माहीतच नव्हतं.' मी ते आईला मराठीत करून सांगितलं. आई म्हणाली, 'टोमणा मारला असेल.' पण तो टोमणा नव्हता. माणूस खरंच खूश झाला होता.

भाऊ आमच्या प्रोजेक्टचे मेंटर. लहान दवाखान्यांत पेशंटच्या नोंदी ठेवायचं एक सॉफ्टवेअर आहे. ते ओपन सोर्स, म्हणजे कुणीही फुकट वापरावं आणि आतला कोड उघडून दुरुस्तही करावा. जगभरातली माणसं आपापली नोकरी सांभाळून ते चालवतात आणि नवशिक्या पोरापोरींना इंटर्न म्हणून घेऊन शिकवतात. मी त्यांतलीच एक. माझे मेंटर राहतात कुठे हे मला ठाऊक नव्हतं. इंग्रजी इतकं नेटकं, की मी त्यांना मनातल्या मनात कुठल्यातरी थंड देशात कोट घालून बसवलं होतं. एका संध्याकाळी मी सगळ्यांसमोर लिहिलं की आमच्याकडे लाइट गेली आहे, काम उद्या देईन. खाली भाऊंनी लिहिलं, 'शनवाऱ्याची पण गेली.' चक्क मराठीत! शनवारा म्हणजे आमच्याच गावातला मोहल्ला; माझा पत्ता त्यांनी अर्जात वाचला असणार. मी खुर्चीतून उठलेच. ब्राझीलच्या आणि केनियाच्या पोरांना शिकवणारा हा माणूस लोधीपुऱ्यातल्या माझ्या घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर बसला होता, आणि दिवसा एका पतपेढीत कॉम्प्युटर सांभाळत होता.

पुढे मी त्यांच्या घरी जाऊ लागले तेव्हा त्यांची एक सवय पाहिली. इंटर्नला उत्तर पाठवण्याआधी भाऊ ते मोठ्याने वाचत. स्वयंपाकघरातून वहिनी ओरडत, 'हे कडक झालं!' वहिनींना इंग्रजी येत नाही. मी विचारलं तर म्हणाल्या, 'इंग्रजी नाही समजत, पण ह्यांचा आवाज समजतो ना.' भाऊ मुकाट्याने वाक्य बदलत आणि पुन्हा वाचत. मला म्हणाले, 'समोरचं पोरगं एकटं बसून वाचतं गं. त्याला आपला चेहरा दिसत नाही. मतलब, चेहरा पण शब्दांतच टाकावा लागतो.'

नातेवाइकांना हा सगळा प्रकार म्हणजे खूळ वाटे. भाऊंचे सासरे माझ्यादेखत म्हणाले होते, 'फुकट शिकवायचं तर मोहल्ल्यातली पोरं काय कमी पडली?' भाऊंनी हसून त्यांच्यापुढे दराब्याचा, म्हणजे आमच्या गावच्या रवा-तुपाच्या मिठाईचा, डबा सरकवला. कुठल्याही इंटर्नचं पहिलं काम स्वीकारलं गेलं की घरी दराबा यायचा. ज्याचं कौतुक तो बिचारा साता समुद्रापार, त्याला काय मिळणार? भाऊ म्हणत, 'त्याच्या नावाचा मी खातो ना!' आणि खरंच खात. वहिनींनी डॉक्टरांचा धाक घातला तेव्हा त्यांनी माझ्या हातावर ठेवायला सुरुवात केली. ब्राझीलच्या पोरीच्या नावाचा पाव किलो दराबा मी एकटीने संपवला आहे.

माझी इंटर्नशिप संपली तरी मी तिथेच रमले. दोन वर्षांनी तर भाऊंच्या जोडीने नव्या मुलांना शिकवायला लागले. त्या वर्षी पाच इंटर्न होते. त्यांतला एक मुलगा फार मागे पडत होता. तीच शंका तो पुन्हा पुन्हा विचारी. एका दुपारी त्याने ती परत विचारली आणि भाऊंनी सगळ्यांसमोर उत्तर दिलं, 'हे काम तुला जमणार नाही, हे तुला सोडून इथे सगळ्यांना कळलेलं आहे.'

मी ते वाचलं आणि भाऊंच्या नावाकडे बघतच राहिले. कुणीतरी त्यांचा पासवर्ड चोरला असं मला खरोखर वाटलं. त्याहून मोठा धक्का म्हणजे चांगल्या चांगल्या लोकांनी त्याखाली हसरे चेहरे टाकले होते. दुसऱ्या दिवशी तो मुलगा निघून गेला. भाऊंनी जाहीर माफी मागितली, त्याला वेगळं लिहिलं, पण उत्तर आलं नाही. आठवडाभरात भाऊंनी प्रोजेक्टमधून आपलं नाव काढून टाकलं. मला साधा फोनसुद्धा केला नाही.

मी सुन्न झाले होते, पण सुन्न बसायलाही सवड मिळाली नाही. नवीन आवृत्ती नुकतीच बाहेर पडली होती, आणि काही दवाखान्यांतून तक्रार आली की पेशंटला कुठल्या औषधाची ॲलर्जी आहे ती ओळच दिसत नाही. तो भाग भाऊंनी स्वतः लिहिलेला होता, त्यातलं मला धड काही कळेना. जुनी आवृत्ती परत घ्या असं सगळ्यांना कळवलं, पण कितीजणांपर्यंत ते पोचलं असेल? भाऊ फोन उचलेनात. वहिनी म्हणाल्या, 'रविवार आहे ना, फोपनारला शेतावर असतील. आता सुट्टी मिळाली की केळीतच.' मी लॅपटॉप घेतला आणि बस पकडली.

भाऊ पँट दुमडून, विळा घेऊन केळीच्या खोडाशी फुटलेली पिलं कापत होते. मला पाहून इतके आनंदले की मला वाटलं, सुटले! मी बांधावरच लॅपटॉप उघडला. त्यांनी येऊन तो हळूच मिटवला.

'भाऊ, फक्त एक मिनिट पाहा.'

'नाही बेटा.'

'दवाखाने चालू आहेत. कुणाला भलतं औषध गेलं तर?'

'म्हणून तर सांगतो, इथे टाइम नको घालवू. त्या चौघांना घेऊन बस. होईल.'

माझा तोलच सुटला. शेतातले गडी बघत होते, तरी मी ओरडले, 'एका वाक्यासाठी? माफी मागितली ना तुम्ही? त्याहून घाण लिहिणारे ढीगभर आहेत, आणि खुशाल बसलेत!'

भाऊंनी विळा खाली ठेवला. 'ते वाक्य मी पाठवण्याआधी वाचलं होतं. मोठ्याने, दोनदा. तुझी वहिनी घरात नव्हती. मला वाटलं, वा, काय जमलंय! खरं सांगू? मजा आली गं. इतकी वर्षं शिकवलं, पण अशी मजा कधी नाही आली.' मग म्हणाले, 'रागात लिहिलं असतं ना, तर राहिलो असतो.'

मी या माणसाला देवमाणूस समजत होते, आणि तो विळा पायाशी ठेवून मला हे सांगत होता. त्यांनी मला बसपर्यंत सोडलं आणि केळीची फणी हातात दिली. परतीच्या वाटेवर ती मला फेकून द्यावीशी वाटत होती.

चूक सापडली ती चौघांतल्या केनियाच्या मुलीला. आम्ही सगळे मिळून बसलो होतो, पण सापडली तिला, आणि दोन दिवसांत सगळं सुरळीत झालं. सुदैवाने कुणाला इजा झाली नाही. भाऊंचा आमच्यावर विश्वास होता म्हणून त्यांनी पाहिलं नाही, असं लोक मला समजावतात. मला ते पटत नाही. कुणी दगावलं असतं तर?

आजही भाऊ बाजारात भेटतात. आईची चौकशी करतात, केळीच्या भावाबद्दल बोलतात, प्रोजेक्टचं नावही काढत नाहीत. त्या मुलाचा पत्ता लागला नाही. माझं भाऊंवर प्रेम आहे आणि रागही आहे, आणि इतके दिवस मला वाटत होतं की भल्या माणसाने उगीच राईचा पर्वत केला.

गेल्या आठवड्यात माझ्या एका इंटर्नने, फार हुशार समजते ती स्वतःला, सगळ्यांसमोर माझी चूक काढली. चूक तिचीच होती. मी उत्तर लिहिलं. छोटंसं, एकच वाक्य, बिनतोड. लिहून झाल्यावर माझं मलाच हसू आलं, आणि तेवढ्यात भाऊंची ती 'मजा' मला कळली. वाक्य पाठवलं नाही, पुसून टाकलं. पण पुसताना मला वाईट वाटत होतं. त्या मुलीसाठी नाही, वाक्यासाठी.