जामीनदार बाई आणि चक्कीचं इंजिन

वाशिमच्या दिवाणी कोर्टात मी एकट्यानं चालवलेला पहिला दावा बँकेचा होता. जऊळक्याजवळच्या एका गावात एका मिस्त्रीनं बँकेचं कर्ज काढून पिठाची चक्की मांडली होती. इंजिन बँकेकडे तारण होतं, आणि जामीन राहिल्या होत्या त्याच गावातल्या एक विधवा शेतकरी बाई. वर्षाच्या आत इंजिनाचं सिलिंडर तडकलं. मिस्त्री शरमेनं नागपूरला निघून गेला. दावा दोघांवर होता, पण कोर्टाला सापडल्या त्या बाई.

माझी बाजू लंगडी होती. जामीनखतावर बाईंचा अंगठा होता, पण मजकूर त्यांना वाचून दाखवल्याची नोंद कुठंच नव्हती. त्यांचे वकील मुरलेले. बाई निरक्षर, आपण कशावर अंगठा देतोय हे त्यांना ठाऊकच नव्हतं, असं त्यांनी कैफियतीत लिहून टाकलं होतं. घरून निघतानाच मी हरायची तयारी केली होती.

बाई पिंजऱ्यात उभ्या राहिल्या. न्यायाधीशांनी विचारलं, "अंगठा तुमचाच?"

"माहाच हाय."

"कागद कशाचा, हे कुणी सांगितलं होतं?"

"सांगतलं होतं ना, साहेब. यानं नाही भरले त तुले भरा लागतीन, असं कारकुनानं दोनदा सांगतलं. समजूनच देल्ला."

त्यांच्या वकिलांनी कपाळाला हात लावला. न्यायाधीशांनी चष्मा काढला. "मग कैफियतीत हे काय लिहिलंय?"

"ते वकीलसाहेबायनं लिवलं. मी कायले खोटं बोलू? गावात चक्की पाह्यजे होती. माह्या सुनेच्या हाताले दळूदळू फोड येत. मनून राह्यलो जामीन."

मला एकही प्रश्न विचारावा लागला नाही. निकाल बँकेच्या बाजूनं झाला. हप्त्यानं भरायची सवलत न्यायाधीशांनी आपणहून दिली. पहिला दावा जिंकून मी व्हरांड्यात आलो, तर बाईंकडे बघवेना.

शेवटी त्यांच्या वकिलांनाच गाठलं. म्हटलं, "जामीनदारानं सगळं कर्ज फेडलं की तारणावरचा बँकेचा हक्क त्याच्याकडे येतो. तुम्ही बाईंना सांगा." ते अजून घुश्शात होते. "तुम्हीच सांगा. माझं ऐकतात कुठं त्या!"

मी सांगितलं. बाई म्हणाल्या, "म्हंजे पैसे फिटले का इंजिन माह्याकडं?"

"हो."

"मंग तोवर ते गंजून कायले राह्यलं? मले आताच चालवू द्या. त्याच्यातूनच हप्ते भरतो."

हे मला सुचलं नव्हतं. बँकेचा कारभार पाहणाऱ्या पंचांपुढे मी तीन वेळा गेलो. "बाई इंजिन चालवणार?" म्हणून एक जण हसले. पण बंद इंजिनातून बँकेला तरी काय मिळत होतं? अखेर त्यांनी मान्य केलं. माझ्याच बैठकीच्या खोलीत बसून बाईंनी मिस्त्रीला कार्ड लिहवलं : "इंजिन दुरुस्त करा लागते. तू ये. तुले कोणी काही मननार नाही." आठ दिवसांत तो आला. दुरुस्तीसाठी बाईंनी म्हैस विकली.

शेवटचा हप्ता त्यांनी मुदतीच्या आधी भरला. इंजिनाचा कागद द्यायला मी स्वतः गावात गेलो. चक्की धडधडत होती. बाया पाट्या घेऊन रांगेत बसल्या होत्या, मिस्त्रीच्या भुवया पिठानं पांढऱ्या झाल्या होत्या. आत काही ऐकू येईना म्हणून बाईंनी मला बाहेर लिंबाखाली नेलं.

"मिस्त्री मनते, याच इंजिनले तेलाची घाणी जोडता येते. बँक देईन का कर्ज?"

"देईल. पण आता कर्जदार तुम्ही. जामीन कोण राहणार?"

"तुमी रहा की."

कुणाला जामीन राहू नका, असं मी अशिलांना नेहमी सांगत असे. पुढच्या सोमवारी बँकेत जाऊन सही करून आलो. घाणीतून पहिलं तेल निघालं ते जवसाचं. बाईंनी त्यातलं शेरभर माझ्या घरी पाठवलं, आणि माणसाबरोबर त्याचे पैसेही मागवून घेतले.