गोल घेराची दुमड
इस्त्रीखाली ओलसर सुती कापडाचा वास आला की मला उंब्रजची ती दुपार आठवते. बहिणीच्या साखरपुड्यासाठी मी पहिल्यांदाच स्वतः अंब्रेला कुर्ता शिवला होता, पण गोल घेर दोन बोटं दुमडून टीप मारल्यामुळे खाली सगळ्या चुण्या पडल्या. संध्याकाळी कार्यक्रम, आणि आईने माझा जुना ड्रेस पलंगावर काढून ठेवला. कुणाकडे काही मागायचं तर मला घाम फुटतो. तरी कुर्ता घेऊन शेजारी शिवणकाम करणाऱ्या चाचींकडे गेले. घेर पसरून त्या खळखळून हसल्या. “आगं, घेर हाय का भाजलेला पापड? सलवारीवानी दुमडलंस व्हय?” मी मान हलवली. टीप उसवून त्यांनी कडेने लांब टाके घातले आणि दोरा हलकेच ओढला, तशी जास्तीची कड सारखी गोळा होऊन आत वळली. पाणी शिंपडून इस्त्री फिरवली. “आता अर्धं बोटच दुमड. मी न्हाई, तूच बस मशीनवर.” संध्याकाळी मावशीने घेर उलटून बघत विचारलं, “कुठल्या दुकानातला गं?” “मी शिवलाय!” मी म्हणाले, ते इतक्या मोठ्याने, की मंत्र म्हणणारे गुरुजी थांबले. तेवढ्या मोठ्याने मी अजून दुसरं काही बोललेली नाही.