उलटी बाजू

कोणतीही वस्तू उलटून बघितल्याशिवाय तिच्यावर विश्वास न ठेवणारा माणूस अख्ख्या सोलापुरात एकच असेल, आणि तो माझ्या बायकोचा धाकटा भाऊ आहे. लग्नात मला पहिल्यांदा पाहायला तो मागून आला होता. तीस वर्षं त्यानं चौकड्या आखलेल्या कागदावर एकेक चौकडी रंगवत चादरींच्या नक्ष्या काढल्या. सोलापुरी चादर दोन्ही बाजूंनी बघण्यासारखी असते, मागं तीच नक्षी उलट्या रंगांत; त्यामुळे भिंतीवरच्या चित्रांचा त्याला कायमचा संशय. हॉटेलातली तसबीर उलटून, "मागं नुसता पुठ्ठा हाय की!" असं म्हणत तो चहा न पिताच बाहेर पडे.

चादरींचा कारखाना बंद पडल्यावर तो डोळ्यांवर चढवायच्या त्या आभासी जगाच्या चष्म्याकडे वळला. आता शहराबाहेर कुंभारी गावातल्या घरी बसून संगणकावर घरं, अंगणं, गल्ल्या तयार करतो आणि प्रत्येक कपाटाची मागची बाजूही रंगवतो. चष्मा लावण्याआधी चपला बाहेर काढायच्या, पाय धुवायचे. "कुणाच्या तरी घरात चाललाय तुमी," असा दम मिळतो. शेजारच्या मावशी चष्म्यात दिसणाऱ्या बाजेवर टेकायला गेल्या आणि फरशीवर आपटल्या, तर हा टाळ्या वाजवू लागला. "बसावं वाटलं न्हवं? मग जमली कला!"

"कला गेली खड्ड्यात, माझं कंबरडं बघ मुडद्या!"

मी एकदा म्हणालो, हे सगळं खोटंच की. तो मला आमच्या तेलुगू रीतीनं बावा, म्हणजे भावोजी, म्हणतो. "बावा, चित्राला चौकट असती. कुटं थांबायचं ते चौकट सांगती. हितं चौकटच न्हाय. ज्याचं त्यानं थांबायचं. लई जोखमीची कला हाय."

बायको जाऊन आठ महिने झाले होते तेव्हा त्याचा फोन आला. "अक्काचं घर केलंय. या." आम्ही संसार मांडला ते दोन खोल्यांचं घर. मी तीन आठवडे टाळत राहिलो. कधी सर्दी, कधी बस चुकली. खरं कारण सांगवत नव्हतं. तिचा चेहरा मला आता डोळे मिटून बराच वेळ थांबल्यावर दिसतो. यानं केलेला चेहरा त्याच्यावर बसला आणि उठलाच नाही तर?

शेवटी गेलो. पाय धुतले. चष्मा चढवला. समोर आमची बाहेरची खोली, दोरीवर वाळत घातलेली चादर. मागं जाऊन पाहिलं. रंग उलटे, अगदी बरोबर. उंबऱ्यापाशी तिच्या चपला. स्वयंपाकघराचं दार लोटलेलं आणि फटीतून उजेड. दाराकडे हात नेला, पण ढकलवेना.

"दारामागं काय केलंयस?" मी विचारलं.

कानाशी त्याचा आवाज आला, "काय न्हाय बावा. ओट्याशी हुबी अक्का केली हुती, पाठमोरी. चारदा केली, चारदा पुसली. ती न्हवती ती. तेवढ्या दाराला मागची बाजू न्हाय."

सगळ्याची उलटी बाजू शोधणारा माणूस तिथं थांबला होता. मी हात मागं घेतला.

"असू दे," म्हणालो. "आत असेल कामात."

"व्हय," तो म्हणाला. "असंल की."

आता रविवारी मी कुंभारीला जातो. पाय धुऊन त्या खोलीत थोडा वेळ बसतो, जमिनीवरच, दाराकडे तोंड करून. हाक मारत नाही.