वजनाचा दिवस

परवा लोहाऱ्याच्या मीटिंगला जाताना आम्ही चौघी अंगणवाडीवाल्या एकाच जीपमध्ये कोंबलेल्या होतो. जीप भरेस्तोवर ड्रायव्हर काही हलत नाही, मग आमचे किस्से सुरू! अंगणवाडीतल्या धान्याच्या कोठीला किडे लागतात, उंदीर लागतात. किश्श्यांच्या कोठीला काही लागत नाही, ती नुसती भरतच जाते. माझा नंबर आला तेव्हा मी बालाजी-कोमलच्या बॅचपासूनच सुरुवात केली. ती पोरं आता बाप्ये-बाया झाली, पण माझ्या डोळ्यांपुढं अजून शेंबडीच आहेत.

*

त्या वर्षी आम्हाला नवं ट्रेनिंग झालं होतं. आमच्या सुपरवायझर मॅडमनी सांगितलं, मुलानं काही विचारलं तर फाडकन उत्तर द्यायचं नाही. "तुला काय वाटतं?" असं उलट विचारायचं. मूल काही बोललं की "शाब्बास! कसं ओळखलंस?" म्हणायचं. मग मूल आपलं आपण शोधायला लागतं.

मी दुसऱ्याच दिवशी कामाला लागले. आमचा बालाजी म्हणजे प्रश्नांचं पोतं. आल्या आल्या त्यानं विचारलं, "ताई, मुंगी रातच्याला कुठं झोपती?"

"तुला काय वाटतं?"

"उंदीर मुंगीला खातो का?"

"तुला काय वाटतं रे?"

बालाजीनं माझ्याकडं खालून वर पाहिलं. मग तो चुलीपाशी बसलेल्या आमच्या मदतनीस शेवंताबाईंकडं गेला आणि हळूच म्हणाला, "मावशी, ताईला कायच म्हाईत न्हाय! कुणाला सांगू नका."

*

आठवडाभरात बालाजीचे आबा काठी आपटत दारात उभे! तीस एकरांचा कारभार, आवाज चार बांध ओलांडून जाईल एवढा मोठा.

"बाई, लेकराला तुमी काय शिकवायलाव?"

"का हो आबा, काय झालं?"

"म्हस दाव्याची सुटून शेजाऱ्याच्या कडब्यात शिरली. म्या इचारलं, बाल्या, म्हस कुणी सोडली रं? तर म्हणतंय, 'आबा, तुमाला काय वाटतं?' म्हणलं, मला तर वाटतंय तूच सोडली! तर टाळ्या वाजवून म्हणतंय, 'शाब्बास! कसं वळखलं?'"

शेवंताबाई पदर तोंडाला लावून आत पळाल्या. मी कसंबसं हसू दाबून उभी राहिले.

*

मग आम्ही करवंट्यांमध्ये हरभरा पेरला. प्रत्येकाची करवंटी वेगळी. आठ दिवस झाले, दहा झाले, कोंब म्हणून दिसेना. माती बरी, पाणी बरं, मग बिघडलं कुठं?

एक दिवस लवकर गेले तर सगळी बॅच ओट्यावर गोल करून बसलेली. जो तो आपापला हरभरा उकरून बघत होता आणि परत पुरत होता. रोजचं काम!

आबांना बोलावून आणलं. म्हटलं, तुम्हीच सांगा यांना. आबा खाली बसले आणि म्हणाले, "लेकरांनो, पेरलेलं उकरायचं नसतं."

बालाजी म्हणाला, "मग आत काय चाललंय ते कळणार कसं?"

आबांची सगळी हयात शेतात गेली, पण हे त्यांना कुणी विचारलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी ते घरून जुन्या कंदिलाची काच घेऊन आले. आत ओला कापूस ठेवला आणि काच व कापूस यांच्या मधे हरभरे बसवले. आता उकरायला नको, बाहेरूनच बघा.

तीन-चार दिवसांनी मी कुलूप काढायला गेले, तर आबा खिडकीच्या गजांना नाक लावून उभे! मला म्हणाले, "लवकर उघडा की बाई! मुळी फुटली का न्हाय ते बघायचंय."

*

कोमल याच बॅचमधली. आईबाप ऊसतोडीला गेलेले, ती आजीजवळ. काडीसारखी पोर. खिचडीची ताटली समोर ठेवली की चिमणीसारखं टिपायची आणि सरकवून द्यायची. दर महिन्याला वजन करताना काटा जागचा हलायचा नाही. पुढच्या खेपेला वाढलं नाही तर तिला तालुक्याच्या दवाखान्यात भरती करायला मॅडमनी सांगितलं होतं. आजी एकटी, आई तिकडं फडात. दवाखान्यात तिच्याजवळ राहणार कोण?

एकदा पोरांनी विचारलं, "जड म्हंजी किती?" मी वजनाचा झोळीवाला टांगता काटाच त्यांच्या ताब्यात दिला. पाटी झाली, चप्पल झाली, शेवंताबाईंची पिशवी झाली. शेवटी शेजारचा बोकड झोळीत घातला. बोकड बोंबलतोय, पोरं नाचतायत! बालाजीनं काट्याकडं बघून जाहीर केलं, "बोकड कोमलपेक्षा जड हाय!"

सगळी हसली. कोमल पण हसली. माझे डोळे भरून आले, ते मी पदरानं पुसले.

"ताई, कोमल हलकी का हाय?" बालाजीनं विचारलं.

सवयीनं तोंडून निघून गेलं, "तुला काय वाटतं?"

*

पुढच्या वजनाच्या दिवशी थंडी होती. कोमल चुलतभावाचा ढगळ स्वेटर घालून आली होती. झोळीत बसवलं आणि काटा सरसर वर! मी परत पाहिलं. शेवंताबाईंना दाखवलं. त्या म्हणाल्या, "अगं माय! पोर वाढली की!" त्यांनी डब्यातला गूळ काढून सगळ्यांच्या हातावर ठेवला. भरतीचं संकट टळलं म्हणून मी देवाला हात जोडले.

कोमलला खाली उतरवलं आणि फरशीवर धाडकन एक दगड पडला. मग दुसरा. दोन्ही खिसे दगडांनी भरलेले!

मी सगळ्या पोरांकडं पाहिलं. शेवटी बालाजी पुढं आला.

"ताई, आमीच टाकले."

"का रे?"

"बोकड जोखला तवा तू रडलीस ना."

कोमल म्हणाली, "मला लई जड झालं व्हतं ताई. पण म्या हललेच न्हाय."

मला रागवायचं होतं. मी तिला जवळ घेतलं आणि ढसाढसा रडले. दगड काढून परत वजन केलं, तर काटा किंचित का होईना, पण खरंच वर सरकला होता! मॅडमचे पाय धरून मी एक महिना मागून घेतला.

मग मी पोरांना विचारलं, दगड न टाकता कोमल जड कशी होईल? त्यांनीच ठरवलं. खिचडीला रोज एकानं तिच्या ताटलीत जेवायचं, एक घास त्याचा, एक तिचा. हळूहळू काटा हलायला लागला. गुढीपाडव्याच्या सुमाराला तिची आई फडावरून आली, तिला पोर पटकन ओळखू येईना.

तेव्हापासून वजनाच्या दिवशी कोमल आधी माझ्यासमोर उभी राहायची आणि दोन्ही खिसे बाहेर ओढून दाखवायची. तिचं बघून सगळेच दाखवायला लागले. ज्यांना खिसेच नव्हते ते फ्रॉक झटकायचे!

*

गेल्या महिन्यात अंगणवाडीच्या दारात एक बाई येऊन उभी राहिली. अंगानं भरलेली, कडेवर तान्हं बाळ.

"वळखलं का ताई?"

आवाजावरून ओळखलं. कोमल! परंड्याकडं दिली आहे, बाळंतपणाला माहेरी आली होती. शेवंताबाई आता थकल्यात, तरी काठी टेकत आल्या आणि तिच्या गालांवरून हात फिरवून कानशिलावर बोटं मोडली.

वजनाचाच दिवस होता. आता नवा काटा आलाय, आकडे उजेडात उमटतात. मी बाळाला घ्यायला हात पुढं केले.

"थांबा ताई," कोमल म्हणाली.

बाळाच्या झबल्याला पुढं इवलासा खिसा होता. तिनं त्यात बोट घालून तो बाहेर ओढला, मला नीट दाखवला आणि मगच लेक माझ्या हातात दिली.