खोळमावशी आणि ऐन वेळी झोपणारा रिमोट

गेल्या महिन्यात आमच्या जिन्यात बातमी फुटली की खोळमावशींनी घरात पुरुष आणून ठेवलाय. वय त्रेसष्ट, जन्मभर एकट्या राहिलेल्या, आणि आता हे! पुरावा तळमजल्यावरच्या पोस्टातल्या बाईंकडे होता. दुपारी चारच्या सुमाराला मावशींच्या दाराबाहेर त्या चपलेचा बंद लावायला वाकल्या (तिसऱ्या मजल्यावर, हो) आणि त्यांनी आपल्या कानांनी ऐकलं, "ऊठ! ऊठ म्हणते ना! आत्ता तर चांगला जागा होतास. मेल्या, ऐन वेळी कसा रे झोपतोस?"

असलं काही कानावर आल्यावर स्वस्थ बसणं माझ्या तब्येतीला मानवत नाही. मी समोरच राहते. वाटी उचलली, साखर संपल्यासारखं तोंड केलं आणि बेल वाजवली.

पुरुष सोफ्यावर पडला होता. रंग काळा, लांबी वीतभर, अंगावर फुलाफुलांचं सुती कापड. टीव्हीवर गाड्यांची शर्यत खेळतात ना, त्याचा बिनतारी रिमोट. दोन हातांत धरायचा, दोन खुंट्या, मूठभर बटणं. चार्जिंग भरलेलं, तरी चालता चालता दिवा डोळे मिचकावायचा आणि गप्प. मी खाली जाऊन खरं काय ते सांगितलं. पोस्टातल्या बाई आठवडाभर माझ्याशी बोलल्या नाहीत.

मावशींना खोळमावशी का म्हणतात ते सांगते. चाळीस वर्षं त्यांनी शिवण केलं. आधी वीस वर्षं इस्पितळाचे गणवेश शिवायच्या कारखान्यात, मग घरी पुढच्या खोलीत मशीन टाकून. उरलेलं कापड टाकवत नाही. त्यामुळे मशीनला खोळ, मिक्सरला खोळ, फोनला, चष्म्याच्या डबीला, पाण्याच्या बाटलीला, फ्रिजच्या मुठीलासुद्धा खोळ. मी एकदा फार वेळ सोफ्यावर बसले तर त्या माझ्याकडे मापाच्या नजरेने बघायला लागल्या होत्या. पण काम असं, की चाळीस वर्षांत एकही गिऱ्हाईक "काचतंय" म्हणून कपडा परत घेऊन आलं नाही. हे त्या स्वतःच सांगतात, दिवसातून साधारण दोनदा.

तक्रार करणारं माणूस जगात एकच, त्यांची धाकटी बहीण. मावशी पंधरा वर्षांच्या असताना त्यांनी आयुष्यातला पहिला कपडा शिवला, तो धाकटीचा फ्रॉक. धाकटी आज अठ्ठावन्न वर्षांची आहे आणि अजून म्हणते, तो काखेत काचत होता.

धाकटी दूरच्या शहरात असते. फोनवर दोघींचं तिसऱ्या वाक्याला वाजतं आणि चौथ्या वाक्याला फोन आपटला जातो. एकदा तर दोन वर्षं बोलणं बंद होतं. शेवटी धाकटीच्या मुलीने डोकं लढवलं. दोन्ही घरी गेमचं यंत्र बसवून दिलं, रविवारी चारला शर्यत, बाजूला फोन स्पीकरवर. गाडी चालवताना दोघींना भांडायला दम उरत नाही, त्यामुळे तासभर चक्क गप्पा होतात. कोणाचा गुडघा, कोणाचा मोतीबिंदू, आईच्या हातचे स्वेटर, सगळं वळणावळणावर निघतं. मावशी रविवारी तीनपासूनच चष्मा पुसत बसतात. कबूल करणार नाहीत, पण तो एक तास त्यांचा अख्खा आठवडा ओढतो.

आणि नेमका त्याच तासात रिमोट मरायला लागला. तोही कधी? मावशी पुढे असताना नाही. धाकटीची गाडी मागून चिकटली, मावशींनी दात-ओठ खाल्ले, की टप्. दिवा बंद, मावशींची गाडी भिंतीत.

"ताई, हरायला लागलीस की बरा गं तुझा रिमोट मरतो," धाकटी म्हणाली.

"मी काय मुद्दाम मारते?"

"मला काय माहीत? लहानपणी पत्त्यांत हरायला लागलीस की तुला बरोबर तहान लागायची."

तिसऱ्या रविवारी धाकटीने निर्वाणीचं सांगितलं, "आता एकदा जरी बंद पडला तर माझ्याकडून खेळ बंद. फसवून घ्यायला मला वेळ नाही."

मग सुरू झाला तो आठवडा. देवा! भाची फोनवरून सूचना देणार, मावशी त्या माझ्या अंगावर ओरडणार. सोमवारी चार्जिंगची वायर बदलली. मंगळवारी इंटरनेटचा डबा टीव्हीपासून लांब हलवला, तर माझ्याही घरातलं इंटरनेट गेलं, कारण ते मी त्यांच्याकडूनच घेते. बुधवारी भाची म्हणाली, मागे बारीक भोक आहे, त्यात टाचणी घालून दाबा.

"टाचणी? कुठली? साधी, मण्याची की रेशमाची?"

"मावशी, कुठलीही!"

"कुठलीही कशी? कामाला कामाची टाचणी असते."

सतरा टाचण्या मांडून एक निवडली. खोळ उतरवली, भोकात टाचणी घातली, दिवा लागला, टीव्हीशी पुन्हा जोडणी झाली. पाच मिनिटं रिमोट गुण्यागोविंदाने चालला. मावशींनी समाधानाने त्याला पुन्हा खोळ चढवली, खेळायला बसल्या, आणि पहिल्याच अवघड वळणावर टप्.

"याला माझ्याशीच वैर आहे," मावशी म्हणाल्या. इतक्या वैतागल्या होत्या की चहात त्यांनी साखर दोनदा घातली आणि तो चहा मला दिला.

गुरुवारी त्याला दुरुस्तीवाल्याकडे नेलं. निघण्याआधी मावशींनी खोळ काढून, घडी करून कपाटात ठेवली. "परक्या माणसाचे तेलकट हात लागायचे." दुरुस्तीवाला टकलू, पोटावर हात ठेवून बोलणारा. तो अर्धा तास खेळला, दोन शर्यती जिंकला, घामाघूम झाला. रिमोट एकदाही मरेना.

"मावशी, ठणठणीत आहे हो. तुम्ही धरता कसा?"

"हाताने," मावशी म्हणाल्या आणि उठल्या.

शनिवारी पुन्हा नेला. पुन्हा खोळ कपाटात, पुन्हा रिमोट ठणठणीत. या खेपेला तो टकलू माझ्याकडे बघून हळूच हसला, म्हातारीचं काही खरं नाही असं. मला इतका राग आला की मी त्याच्या दुकानातला पंखा बंद करून बाहेर पडले.

रविवार उजाडला. चार वाजता मी साखर न मागताच जाऊन बसले. मावशींनी नवं चार्जिंग भरलेला, धुतलेल्या खोळीतला रिमोट हातात घेतला. दोन फेऱ्या झाल्या. रिमोट जिवंत. धाकटी मुलीच्या नोकरीचं सांगत होती, मावशी हं हं करत होत्या. तिसऱ्या फेरीत धाकटीची लाल गाडी मागून आली. मावशींचा जबडा आवळला, बोटं पांढरी पडली.

टप्.

धाकटी म्हणाली, "झोपला ना? ठीक आहे, ताई. बास झालं."

"थांब! ठेवू नकोस!" मावशी ओरडल्या. "फोन ठेवायच्या आधी आवाज ऐक. हा मेला मी आता जमिनीवर आपटते. त्याशिवाय तुझा विश्वास बसायचा नाही."

आणि आपटायच्या आधी, खोळ मळू नये म्हणून, त्यांनी ती काढली.

तिथेच त्यांचा हात थांबला. त्यांनी खोळ उलटी केली, खिडकीशी नेली, चष्मा कपाळावर चढवला. आतल्या अस्तरावर, दोन शिवणी एकमेकींवरून जातात तिथे, एक गोल डाग होता. घासून गुळगुळीत झालेला, शर्टाच्या बटणाएवढा. प्रत्येक खुंटीला, प्रत्येक बटणाला त्यांनी काज केलं होतं. एक मधलं, चालू-बंद करायचं बटण तेवढं झाकलं होतं, कारण ते एकदाच दाबायचं, त्याला भोक ठेवून धूळ कशाला आत घ्यायची? आणि मूठ आवळली की कापड ताणलं जायचं आणि शिवणींची ती जाड गाठ नेमकी त्या बटणावर बसायची.

मावशींनी उघड्या रिमोटचं बटण दाबून तो चालू केला. मग तेच बटण अंगठ्याने दाबून धरलं आणि मनात मोजलं. टप्.

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी, म्हणजे बघा, गप्प राहिले. फुकटचा विनोद समोर पडला असताना मी गप्प राहण्याची ही पहिलीच वेळ. कारण मला दिसत होतं की त्या कोणत्या कात्रीत सापडल्यात. बोलल्या नाहीत तर लबाड ठरतात आणि रविवार जातो. बोलल्या तर चाळीस वर्षांत न काचलेला त्यांचा हात काचला म्हणून सांगावं लागतं, तेही जगात नेमक्या त्या एकाच माणसाला.

"आपटलास का?" फोनमधून आवाज आला. "मला तर काही ऐकू नाही आलं. ठेवू मी?"

मावशींनी खोळीची घडी केली, मोडली, पुन्हा केली.

"ठेवू नकोस," त्या म्हणाल्या. "मी तुला फसवलं नाही. मी शिवलेली खोळ त्याला काचते. बटण दाबलं जातं. माप चुकलं माझं."

पलीकडून आधी खुसखुस, मग खो खो, मग उचकी. बराच वेळ अठ्ठावन्न वर्षांची बाई फोनमध्ये लोळत होती. मावशी कान लाल करून उभ्या.

"ताई," शेवटी धाकटीला शब्द फुटला, "म्हणजे तो फ्रॉकसुद्धा काचतच होता! आता तरी कबूल कर!"

मावशींनी उघडा रिमोट हातात घेतला, चालू केला, सोफ्यावर बसल्या आणि म्हणाल्या, "रिमोटचं माप चुकलं, मान्य. फ्रॉकचं नाही. रिमोट काही रोज दुपारी डब्यातली बिस्किटं चोरून खात नव्हता. गाडी काढ."